आडव्याचं उभं: फारसी गणितातल्या 'तरानहादे'ची कुळकथा

दौतटाक

मॅट्रिक्समधल्या, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीतल्या, आडव्या ओळी उचलून उभ्या मांडल्या की जी नवी मॅट्रिक्स मिळते तिला इंग्रजीत ट्रान्सपोज म्हणतात, हिंदी पाठ्यपुस्तकांत 'परिवर्त'. इराणमध्ये ती 'तरानहादे', आणि ही क्रिया म्हणजे 'तरानहेश'. फारसी शिकता शिकता हा शब्द समोर आला आणि मी त्याच्या मागेच लागले. आपल्याकडे फारसी म्हटलं की दफ्तर, फौज आणि फर्मानं एवढंच आठवतं. बीजगणिताच्या तासाला ती काय बोलते हे कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा.

आधी शब्द फोडायचा कुठे, ते बघू. फारसीत तो सलग लिहितात आणि ऱ्हस्व स्वर गाळतात. त्यामुळे नवख्या डोळ्याला सुरुवातीला 'तराने' दिसतं, म्हणजे आपला मैफिलीतला तराणा. गाण्याचा इथे काडीचा संबंध नाही. तुकडे असे पडतात: तरा + नहादे.

'नहादन' म्हणजे ठेवणे, आणि 'नहादे' म्हणजे ठेवलेलं. शेवटचा 'ए' हा फारसीतला भूतकाळी विशेषणाचा प्रत्यय. मराठीत असे शब्द आले की त्या 'ए'चा 'आ' होतो. लग्नाचा बस्ता घ्या: 'बस्तन' म्हणजे बांधणे, बस्ता म्हणजे बांधलेलं. आपण 'बस्ता बांधतो' म्हणजे बांधलेलं पुन्हा बांधतो! मुर्दा म्हणजे मेलेला, शहजादा म्हणजे शहापोटी जन्मलेला. आता हेच शब्द संस्कृतासमोर ठेवून बघा. बस्ता आणि बद्ध, मुर्दा आणि मृत, जादा आणि जात. ही उधारी नव्हे, दोन्ही भाषा एकाच मूळ घरातून निघाल्या त्याची खूण. त्याच चालीने नहादे म्हणजे निहित. नि + धा हा धातू, ज्यातून निधी आणि निधान आले. इराणी बाजूला 'ध'मधला महाप्राण गळून 'द' राहिला.

राहिला 'तरा'. अवेस्तात 'तरो', जुन्या फारसीत 'तर', म्हणजे पलीकडे, आरपार. संस्कृतात याचा भाऊ 'तिरस्' आणि लॅटिनमधला भाऊ तोच तो 'ट्रान्स'. आधुनिक फारसीत हा उपसर्ग विसाव्या शतकात नव्याने कामाला जुंपला. 'तराबरी' म्हणजे वाहतूक, 'तरारीख्ते' म्हणजे जनुकं बदललेलं बियाणं किंवा धान्य. हे शब्द तिथल्या बातम्यांत नेहमी येतात.

तर 'ट्रान्स'च्या जागी तरा, 'पोज'च्या जागी नहादे, असा तुकड्याला तुकडा लावून घडवलेला शब्द. शब्द नवा, विटा मात्र अडीच हजार वर्षांच्या.

मला खरी मजा पुढे आली. संस्कृतात तिरस् + हित असा शब्द आधीपासून आहे: तिरोहित! म्हणजे दृष्टीआड झालेला. तरानहादेत आणि तिरोहितात फरक फक्त मधल्या 'नि'चा. एकाच सामानातून एकीकडे 'लपलेलं' आणि दुसरीकडे 'आडव्याचं उभं केलेलं' असे दोन अर्थ निघाले.

---

रानजाई

वाखू (वाचनखूण) साठवली. बस्त्याचं वाचून आईला फोन केला, ती म्हणाली, "मग काय सुटा आणायचा का?"

---

शंकेखोर

लेख छान, पण एक टोचणी लावतो. फारसी आणि संस्कृत एकत्र आले की आपल्या लोकांना सगळीकडेच भाऊबंद दिसायला लागतात. फारसी 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजी 'बॅड' म्हणजेही वाईट, तरी दोघांचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग. त्यामुळे प्रत्येक जोडीला पुरावा लागतो. नहादे आणि निहित मान्य. पण धाग्यावर आता लोक 'मॅट्रिक्स म्हणजे मातृका' वगैरे सुरू करतील, त्याआधी कुंपण घालून ठेवा.

---

दौतटाक

शंकेखोर, कुंपण घालते, पण तुम्ही उदाहरण नेमकं उलटं निवडलंत. 😀 मॅट्रिक्सचं मातृशी नातं खरंच आहे. लॅटिनमध्ये 'मातेर' म्हणजे आई आणि 'मात्रिक्स' म्हणजे गर्भाशय. हा शब्द गणितात आणला जेम्स जोसेफ सिल्वेस्टर याने, १८५० साली. आकड्यांच्या या चौकोनातून वेगवेगळे डिटर्मिनंट (चौरस मांडणीतल्या आकड्यांपासून ठरावीक रीतीने काढलेली संख्या) जन्माला येतात, म्हणून तो गर्भ. ट्रान्सपोजची कल्पना आली आर्थर केलीच्या १८५८च्या निबंधात.

फारसीने मात्र इथे नवा शब्द घडवायचे कष्ट घेतलेले नाहीत. तिथे मॅट्रिक्सला 'मातरीस' म्हणतात. शेवटी 'क्स' नाही, 'स' आहे, कारण तो इंग्रजीतून नाही तर फ्रेंचमधून आला. डिटर्मिनंटही 'दतेरमिनान', थेट फ्रेंच उच्चार. एकोणिसाव्या शतकापासून इराणच्या आधुनिक शिक्षणावर फ्रेंचांची छाप पडली, त्याच्या या खुणा. अरबीत मॅट्रिक्सला 'मस्फूफा' असा छान शब्द आहे, 'सफ' म्हणजे रांग त्यावरून. इराण्यांनी तो घेतला नाही.

आणि अरबीतलं ट्रान्सपोज ऐका: 'मन्कूल'. 'नक्ल'वरून. आपली नक्कल तिथूनच आली. अरबीत मूळ अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं असा, आपल्याकडे कागदाची प्रत किंवा हुबेहूब अनुकरण एवढाच उरला.

---

कोडवाला

आम्ही पायथॉनमध्ये नावापुढे टिंब आणि टी लावतो आणि घरी जातो. एवढा इतिहास आहे हे माहीत नव्हतं.

एक प्रश्न. फारसी उजवीकडून डावीकडे लिहितात ना? मग इराणी माणसाला आपली मॅट्रिक्स आपोआप ट्रान्सपोज झालेलीच दिसत असणार!

---

शून्यलब्धी

कोडवाला, नाही. उजवीकडून वाचलं तर आरसा मिळतो, ट्रान्सपोज नाही. पहिली ओळ १ २ आणि दुसरी ३ ४ अशी मॅट्रिक्स घ्या. आरशात पहिली ओळ २ १ होते, दुसरी ४ ३. ट्रान्सपोज केली तर पहिली ओळ १ ३, दुसरी २ ४. डिटर्मिनंट काढून बघा. मूळ मॅट्रिक्सचा उणे २, ट्रान्सपोजचाही उणे २, आरशातल्या प्रतिमेचा मात्र अधिक २. म्हणजे दोन्ही गोष्टी मुळातूनच वेगळ्या.

शिवाय इराणमध्ये मजकूर उजवीकडून डावीकडे असला तरी सूत्रं डावीकडून उजवीकडेच लिहितात, आकडे फक्त फारसी वळणाचे. काही अरब देशांत सूत्रंसुद्धा उजवीकडून लिहितात. तिथल्या पुस्तकाचं भाषांतर करताना मॅट्रिक्सचे उभे रकाने नीट उलटवून घ्यावे लागतात, नाहीतर वर सांगितलेला चिन्हाचा घोळ होतो.

---

अरबट_चरबट

उभ्या रकान्याला फारसीत काय म्हणतात?

---

दौतटाक

'सुतून'. म्हणजे खांब. संस्कृत 'स्थूणा' हा त्याचा जुना भाऊ. इस्फहानला 'चेहेल सुतून' नावाचा सतराव्या शतकातला राजवाडा आहे, चाळीस खांबांचा. प्रत्यक्षात समोर वीसच लाकडी खांब आहेत, उरलेले वीस पुढच्या तलावाच्या पाण्यात मोजायचे. शून्यलब्धींच्या आरशाची सोय तिथे आधीच करून ठेवलेली आहे.

आडव्या ओळीला 'सत्र' (स, त आणि र, आपलं शाळेचं सत्र नव्हे). तो अरबी शब्द. म्हणजे तरानहादे करायची तर अरबी सत्र उचलून फारसी सुतून करायचा.

आतल्या प्रत्येक आकड्याला 'दराये' म्हणतात. 'दर' म्हणजे आत, 'आय' हे 'आमदन' म्हणजे येणे या क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप. आत आलेलं ते दराये. आपली आमदनी याच क्रियापदाची.

---

मोडीवाचक

आता माझा प्रांत आला. दौतटाकताईंनी फारसी बाजू सांगितली. पण मॅट्रिक्सच्या फारसी वर्गातले निम्मे शब्द मूळ अरबी आहेत, आणि तेच आपल्या जुन्या कागदांत सगळीकडे पसरलेले आहेत. यादी करत नाही, बोलता बोलता सांगतो.

फारसीत बेरीज म्हणजे 'जम्अ'. तोच आपला जमा, जमाखर्चातला. गुणाकार म्हणजे 'ज़र्ब'. मूळ अर्थ तडाखा, आणि आपल्याकडे 'त्यांची घरात जरब होती' म्हणतात ती तीच. भागाकार म्हणजे 'तक्सीम'. जमिनीच्या आणि वतनाच्या वाटण्यांच्या कागदांत तक्षीम, तकसीम असा हा शब्द वारंवार भेटतो. गुणाकाराचं उत्तर म्हणजे 'हासिल-ज़र्ब'. हासिल म्हणजे निष्पन्न, पदरात पडलेलं. आपण 'भांडून काय हशील?' म्हणतो ते हेच. म्हणजे हशील अधिक जरब बरोबर गुणाकाराचं उत्तर. आमच्या मास्तरांच्या वर्गात हे समीकरण शब्दशः खरं होतं.

पुढे जा. मॅट्रिक्सच्या ऑर्डरला (किती ओळी, किती रकाने) 'मर्तबे' आणि रँकला (इतर ओळींपासून बनवता न येणाऱ्या ओळी किती) 'रुत्बे'. दोन्ही एकाच अरबी धातूचे. मर्तब्याचं अरबी अनेकवचन मरातिब, त्यातून आपला मानमरातब. कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेला, ज्याला इंग्रजीत ट्रेस म्हणतात, फारसीत 'असर' म्हणतात. असर आपण रोज वापरतो.

---

शून्यलब्धी

मोडीवाचककाका, दंडवत! आता गणिताचं एक प्रमेय तुमच्या भाषेत लिहितो: तरानहादे केल्याने मातरीसचा असर बदलत नाही आणि रुत्बाही बदलत नाही.

हे शब्दखेळ म्हणून नाही, खरोखर तसंच आहे. कर्णावरचे आकडे जागच्या जागी राहतात, म्हणून ट्रेस तोच. आणि ओळींचा रँक नेहमी रकान्यांच्या रँकइतकाच असतो, म्हणून आडव्याचं उभं केलं तरी रँक हलत नाही. पहिलं दिसताक्षणी पटतं, दुसऱ्याला सिद्धता लागते.

---

भाषाभिमानी_अण्णा

सगळं ठीक. पण इराणी लोक स्वतः अरबी शब्द काढून टाकतायत आणि आपण इथे जरब नि हशीलचे पोवाडे गातोय. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? 'महापौर', 'दिनांक' हे शब्द रुळलेच ना? मग गणितात का नको?

---

अरबट_चरबट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

मोडीवाचक

अण्णा, विषय काढलात ते बरं झालं, पण दोन्हीकडची नोंद नीट ठेवू.

राज्यव्यवहारकोश महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली झाला, रचना धुंडिराज व्यासाची. राज्याभिषेकाच्या काळात पदांचीही नावं बदलली. पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि डबीराचा सुमंत. त्यानंतर काय झालं? सुमंत कागदोपत्री राहिला आणि पेशवा हा शब्द तर पुढे शंभर वर्षं राज्य करून गेला. डबीर आडनाव होऊन आजही आपल्यात आहे.

या डबीराची गंमत सांगतो. आपल्याकडे तो परराष्ट्र व्यवहार बघायचा. मूळ अर्थ लेखनिक. आजच्या इराणमध्ये 'दबीर' म्हणजे माध्यमिक शाळेतला शिक्षक, आणि हायस्कूल म्हणजे 'दबीरिस्तान'. तिथे बारावीच्या वर्गात मॅट्रिक्स शिकवणारा माणूस 'दबीर-ए-रियाज़ी' असतो. आपण ज्याला सुमंत केलं, तो तिकडे फळ्यावर तरानहादे काढतोय.

---

दौतटाक

काका, यात एक भर. तिथे बारावीला मॅट्रिक्सचं प्रकरण बीजगणिताच्या नाही, भूमितीच्या पुस्तकात आहे. पुस्तकाचं नाव 'हेंदसे'. हा शब्द अरबीतून आला असं वाटतं, पण अरबांनी तो फारसी 'अंदाज़े' म्हणजे माप यावरून घेतला आणि 'हंदसा' करून परत पाठवला. आपला अंदाज त्याच मापातून आलेला, फक्त आपण त्यातलं मोजमाप काढून टाकलं.

आता अण्णांचं. इराणमध्ये १९३५ साली फरहंगिस्तान म्हणजे भाषा अकादमी निघाली आणि तिने बरंच काही बदललं हे खरं. नगरपालिकेच्या 'बलदिये'ची 'शहरदारी' झाली, विमानाच्या 'तैयारे'चं 'हवापैमा' झालं. हे शब्द इतके रुजले की आज जुने कुणाला आठवत नाहीत. गणितात मात्र हात आखडता राहिला. त्रिकोण अजून अरबी 'मुसल्लस'च आहे, चौरस 'मुरब्बा' (लोणच्याशेजारच्या बरणीतला नव्हे, तो शब्द वेगळा), फंक्शन 'ताबे', डेरिव्हेटिव्ह 'मुश्तक'. नवं घडवलं ते मुख्यतः जिथे जुना शब्दच नव्हता तिथे. अकराव्या शतकात मॅट्रिक्स नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी जुना अरबी शब्द हाताशी नव्हता.

त्यामुळे एकाच वाक्यात तीन भाषा बसतात. 'तरानहादे-ए-मातरीस-ए-मुतकारिन', म्हणजे सिमेट्रिक (ट्रान्सपोज केली तरी तीच राहणाऱ्या) मॅट्रिक्सची ट्रान्सपोज. पहिला शब्द घडवलेला फारसी, दुसरा फ्रेंच, तिसरा अरबी. मला ही खिचडी आवडते. शुद्धीकरणाच्या आवेशात नाही, गरज पडली तिथेच हात घातलाय, आणि जिथे घातला तिथे चांगला घातलाय.

---

भाषाभिमानी_अण्णा

ताई, मग तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. चांगले शब्द घडवता येतात आणि ते रुजतात. दहावीला 'निश्चयक' शिकतोच की आपण, क्रेमरच्या पद्धतीत. डिटर्मिनंटला इराण्यांना तेही जमलं नाही, ते फ्रेंचवर थांबले.

---

दौतटाक

हा मुद्दा मान्य. निश्चयक चांगला आहे.

---

रानजाई

स्क्यू-सिमेट्रिकला काय म्हणतात? आमच्या सरांनी नुसतं 'सिमेट्रिक नाही ते' असं सांगून सोडून दिलं होतं.

---

शून्यलब्धी

रानजाई, 'सिमेट्रिक नाही ते' म्हणजे स्क्यू-सिमेट्रिक नव्हे हो! ट्रान्सपोज केल्यावर प्रत्येक आकड्याचं चिन्ह उलटलं तरच. त्यामुळे कर्णावर सगळी शून्यं यावी लागतात. वर लिहिलेली १ २ ३ ४ ची मॅट्रिक्स सिमेट्रिक नाही आणि स्क्यूही नाही. पण कुठलीही चौरस मॅट्रिक्स एक सिमेट्रिक आणि एक स्क्यू अशा दोघींची बेरीज म्हणून लिहिता येते. मूळ आणि तिची ट्रान्सपोज यांची बेरीज करून निम्मी करा, तो पहिला तुकडा. वजाबाकी करून निम्मी करा, तो दुसरा.

शब्द ताईंनी सांगावा.

---

दौतटाक

'पादमुतकारिन'. मुतकारिन अरबी, त्याला फारसी 'पाद' चिकटवलेला. पाद म्हणजे विरुद्ध, आपल्या 'प्रति'चं काम करणारा. हा उपसर्ग जुन्या 'पादज़हर' या शब्दात दिसतो, म्हणजे विषावरचा उतारा. युरोपात जाऊन त्याचं 'बेझोआर' झालं. जनावरांच्या पोटात सापडणारे ते खडे, विष उतरवतात असं मानून राजेलोक जवळ बाळगायचे. आपल्याकडे ज़हर तेवढं आलं, पाद मागे राहिला. मराठीत राहिला तेच बरं झालं म्हणा.

---

अरबट_चरबट

😀😀 शेवटच्या वाक्यासाठी +१

---

शंकेखोर

कुंपणाच्या कामावर परत येतो. धाग्यात आतापर्यंत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र वाहतायत. निहित आणि नहादे हे भाऊ, कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. जमा, असर, आमदनी ही उधारी, सुलतानी आणि मोगली दफ्तरांतून आलेली. आणि तरानहादे हा कारखान्यात घडवलेला शब्द. उधारीचा शब्द मराठीत दिसला म्हणून भाऊबंदकी सिद्ध होत नाही.

कसोटी म्हणून ध्वनी बघा. संस्कृत 'स' तिथे 'ह' होतो: सप्त आणि हफ्त. आता आपल्याकडे सप्ताह आहे आणि हप्ताही आहे. सप्ताह वारसा, हप्ता उधारी. एकच मूळ, दोन दारांतून घरात. सप्ताहात कीर्तन होतं आणि हप्त्यात बँकेचा फोन येतो.

व्हेक्टरला 'बुर्दार' म्हणतात असं ऐकलंय. 'बर्दाश्त'शी त्याचं नातं लावणारे लोक मी पाहिलेत, म्हणून विचारतो.

---

दौतटाक

नातं नाही. लिहायला सारखं दिसतं म्हणून गोंधळ होतो. बुर्दार 'बुर्दन'वरून, म्हणजे वाहून नेणे, आणि लॅटिनमध्ये व्हेक्टरचा अर्थही वाहून नेणारा असाच. संस्कृत 'भृ', भार, तोच धातू. बर्दाश्तमधला 'बर' म्हणजे वर. वर धरून ठेवणं, त्यातून सोसणं. बुर्दारचा खरा नातलग मराठीत हवा असेल तर किराणा दुकानात जा: बारदान. 'बार' म्हणजे ओझं, 'दान' म्हणजे ठेवायची वस्तू. यातला बार आणि आपला भार भाऊ, बारदान मात्र उधार.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या शब्दाकडे येते. पर्म्युटेशनला, म्हणजे वस्तूंचा क्रम बदलून केलेल्या मांडणीला, फारसीत 'जायगश्त' म्हणतात. जाय म्हणजे जागा. गश्त म्हणजे फिरणं, रात्रीची गस्त तीच. दोन्ही शब्द मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. जागांची गस्त! वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरत राहतात, इतकं नेमकं वर्णन मला दुसऱ्या कुठल्या भाषेत भेटलं नाही.

आणि शंकेखोर, हे तुमच्या कसोटीला उतरतं का पाहा. 'गश्तन'चं मध्ययुगीन फारसी रूप 'वश्तन' होतं. सुरुवातीच्या 'व'चा 'ग' झाला. वळणे हा अर्थ, आणि संस्कृतातला भाऊ 'वृत्'. त्यावरूनच परिवर्त.

---

शंकेखोर

उतरतं. म्हणजे हिंदीतल्या ट्रान्सपोजचा धातू फारसीत पर्म्युटेशनकडे गेला. हे मला नवीन.

---

मोडीवाचक

पर्म्युटेशन निघालंच आहे तर भास्कराचार्यांना वगळून चालणार नाही. 'लीलावती' ११५०ची. तिच्या शेवटी 'अंकपाश' नावाचं प्रकरण आहे, हेच ते. त्यात विचारलंय की शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलाबदल करून किती मूर्ती होतील, आणि हरीच्या चार हातांतल्या चार वस्तूंनी किती. उत्तरं ३६,२८,८०० आणि २४.

चाळीसगावजवळ पाटण्याला १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याच्या दानाचा. आणि याच लीलावतीचं फारसी भाषांतर अकबराच्या सांगण्यावरून फैज़ीने १५८७ साली केलं. पुढे शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदीने 'बीजगणित'ही फारसीत नेलं. त्यामुळे फारसीकडून आपण फक्त घेतलंच असं नाही. दफ्तराचे शब्द इकडे येत होते त्याच काळात गणिताचे ग्रंथ तिकडे जात होते.

---

भाषाभिमानी_अण्णा

आता कसं बोललात! पाटण्याला जाऊन आलोय, शिलालेख देवळातच आहे. पावसाळ्यानंतर जा, धबधबे असतात.

---

कोडवाला

मूळ प्रश्न राहिला. पहिल्या पोस्टमध्ये ताईंनी क्रियेला 'तरानहेश' म्हटलंय. आमच्याकडे पर्म्युटेशनमध्येही ट्रान्सपोझिशन असतं, म्हणजे फक्त दोन वस्तूंची अदलाबदल. त्याला फारसीत वेगळा शब्द आहे का?

---

दौतटाक

नाही, तोच. तरानहेश. शेवटचा 'एश' हा क्रियावाचक नाम करणारा प्रत्यय: मालिश, फर्माईश, नालिश. इंग्रजीसारखाच फारसीतही एक शब्द दोन्हीकडे चालतो, आणि मला ते योग्य वाटतं. मॅट्रिक्स ट्रान्सपोज करताना कर्णाच्या वरचा प्रत्येक आकडा खालच्या जोडीदाराशी जागा बदलतो, म्हणजे ती दोघादोघांच्या अदलाबदलींचीच मालिका असते. तीन बाय तीनमध्ये अशा तीन जोड्या.

---

शून्यलब्धी

आणि कुठलीही जायगश्त अशा दोघादोघांच्या तरानहेशांनी बनवता येते. किती लागतील हे बदलू शकतं, पण ती संख्या सम की विषम हे ठरलेलं असतं. हरीच्या २४ मूर्ती घ्या. शंख, चक्र, गदा, पद्म यांची एक मांडणी पक्की करा आणि तिथून मोजा. १२ मूर्ती सम अदलाबदलींनी मिळतात, १२ विषम.

फारसीत समला 'ज़ौज' म्हणतात आणि विषमला 'फ़र्द', एवढं मलाही माहीत आहे.

---

मोडीवाचक

ज़ौज म्हणजे जोडी. फर्द म्हणजे एकटं, सुटं. आमच्या रुमालात, म्हणजे जुन्या कागदांच्या गाठोड्यात, सुट्या कागदाला फर्द म्हणतात.